अकरा वर्षांनी तपासणी

मी निवृत्त होऊन तीन वर्षं झाली आणि मग सरकारला माझी आठवण आली. चार्जशीट आलं! तेही अकरा वर्षांपूर्वीच्या एका लिफ्टच्या तपासणीबद्दल. वरातीमागून घोडं म्हणतात ना, इथे तर वरातीतली माणसं म्हातारी झाली होती.

मी लिफ्ट इन्स्पेक्टर होतो. काम साधं. इमारतीत जायचं, गच्चीवरच्या मशीन रूममध्ये चढायचं, ब्रेक, दोर, मोटर बघायची आणि फॉर्म भरायचा. आता खरं सांगतो, आमच्यातले निम्मे लोक वर जातच नसत. वॉचमनच्या स्टुलावर बसायचं, चहा मागवायचा, ‘ब्रेक समाधानकारक’ असं लिहून मोकळं व्हायचं. त्या सहा मजली इमारतीत मीही तेच केलं. गुडघा दुखत होता आणि वरची शिडी लोखंडी, सरळसोट उभी.

नवव्या दिवशी ब्रेक घसरला. लोकांना वाटतं लिफ्ट खाली पडते. पण आत एकटा माणूस असेल तर दोराच्या दुसऱ्या टोकाचं लोखंडी वजन जड पडतं आणि लिफ्ट वर फेकली जाते. आत एकटा लिफ्टमन होता. पुढचं सांगत नाही.

लेक तेव्हा नववीत होती. तिने विचारलं, “बाबा, तुम्ही वर जाऊन बघितलं होतं ना?”

“हो तर!” मी म्हणालो.

एवढंच. पण त्या ‘हो’वर पोरीने वर्गातल्या मुलीशी झोंबाझोंबी केली. तिची आई गेली तीही तोच ‘हो’ खरा मानून. सासरी पाऊल टाकलं त्या आठवड्यातच लेकीने सगळ्यांना ऐकवलं, “माझे बाबा शिडी चढून वर गेले होते, बरं का!” मला दहादा वाटलं, सांगून टाकावं. पण तिच्या तोंडाकडे बघितलं की दुसराच विषय काढायचो. भित्रा आहे मी, दुसरं काय.

चार्जशीट आल्यावर कोर्टात जायचा हट्ट तिचाच. वकील चलाख होता. म्हणाला, “काका, नोकरी संपल्यावर चार वर्षांहून जुनं प्रकरण उकरता येत नाही. तुम्ही वर गेलात की नाही, ते बाजूला ठेवा. त्यांनी उशीर केला, बस्स.” मला केवढं हायसं वाटलं!

मग त्याने खात्याकडून मिळालेली फाइल उघडली. त्यात त्या वॉचमनचा जबाब होता, अपघातानंतर दोन दिवसांनी घेतलेला. ‘साहेब चहा पिऊन शिडीने वर गेले. खाली उतरताना मी त्यांना पाहिले नाही.’

“बघा!” लेकीने टेबलावर थाप मारली. माझी मात्र पाचावर धारण बसली. चहा त्यानेच आणून दिला होता, स्टूल त्याचंच होतं, आणि फाटकापर्यंत सोडायलाही तोच आला होता. माझी ना ओळख ना पाळख, तो माझ्यासाठी खोटं कशाला बोलेल? त्या जबाबाखाली सहाव्या मजल्यावरच्या बाईंचा जबाब होता. ‘वर रोज दुपारी कोणीतरी काम करत असते.’ वकील हसला. “लोक काहीही सांगतात हो.”

कोर्टात न्यायमूर्तींनी खात्याच्या वकिलाला विचारलं, “अकरा वर्षं काय करत होतात?”

त्याने पानं उलटली. “फाइल... टेबलांवरून फिरत होती.”

खसखस पिकली. न्यायमूर्ती हसले नाहीत. एवढ्या वर्षांनी या माणसाने स्वतःचा बचाव कुणाच्या आठवणीवर करायचा, असं म्हणून त्यांनी चार्जशीट रद्द केलं. शेवटी म्हणाले, आरोप खरे की खोटे यात आम्ही शिरत नाही.

मी सुटलो. पण लेकीचं तोंड एवढंसं झालं. “म्हणजे तुम्ही वर गेला होतात, असं कुणी म्हणालंच नाही. मला ते ऐकायचं होतं, बाबा.” आणि ऐकेल तर शपथ! कोर्टातून थेट त्या इमारतीत घेऊन गेली, वॉचमनच्या तोंडून ऐकायला.

भर दुपार होती. वॉचमन तोच, केस तेवढे पांढरे. मला बघून तो स्टुलावरून उठला. माझ्याकडे बघितलं, मग जिन्याकडे.

“तुम्ही बाहेरून कसे आलात, साहेब?”

लेक हसली. “म्हातारा झालाय हो, गोंधळलाय.” वरून ठक, ठक, असा बारीक आवाज येत होता. ब्रेकवर पाना आपटून बघतात, तसा.

“तू थांब इथे. एकदा वर जाऊन येतो,” मी म्हणालो. म्हटलं, अकरा वर्षांनी का होईना, तो ‘हो’ निदान अर्धा तरी खरा करावा. मग खाली येऊन तिला सगळं सांगायचं, आजच.

सहा मजले चढलो. शिडी चढताना गुडघा रडवत होता. मशीन रूमचं दार लोटलेलं, आत कोणी नाही. जमीन झाडलेली, दोरांना ताजं ग्रीस. पाना उचलला तर तो हाताच्या उबेने कोमट होता. खिळ्याला एक फॉर्म टांगलेला. रकाना न् रकाना भरलेला, अक्षर माझं, तारीख अकरा वर्षांपूर्वीच्या त्या तपासणीच्या दिवसाची. ‘ब्रेकचे पट्टे झिजलेले आहेत. लिफ्ट ताबडतोब बंद करावी.’

हे मी लिहायला हवं होतं. एवढ्या दोन ओळी. तिथेच भिंतीला टेकून मी ढसाढसा रडलो.

रडताना ऐकू आलं, शिडीवरून कोणीतरी उतरत होतं. भराभर, एकदाही न अडखळता.

जमिनीत दोरांसाठी भोक असतं. मी गुडघ्यांवर बसून त्यात तोंड घातलं आणि जीव खाऊन ओरडलो, “पोरी, मी त्या दिवशी वर आलोच नव्हतो गं! खोटं बोललो तुझ्याशी!”

खालून तिचा आवाज आला. “आलात, बाबा? वर कोण ओरडतंय हो?”

आणि माझाच आवाज, शांत, खणखणीत. “कोणी नाही. फार उशीर झाला बघ. चल घरी.”

माझ्यामागे कधीतरी बंद झालेलं दार मी ओढलं. ते हललं नाही. लहानशा खिडकीतून खालचा रस्ता दिसत होता. ती दोघं बाहेर आली. तो ताठ चालत होता आणि तिने त्याचा हात धरला होता. तो काहीतरी म्हणाला, ती खुदकन हसली. रस्ता ओलांडून जाईपर्यंत तिने एकदाही वर पाहिलं नाही.