राखीव गेट

आमच्या ऑफिसात एआय डिझायनर म्हणून रुजू झालं तेव्हा त्याला ना खुर्ची लागली ना चहा. चिपवरचे लाखो गेट, म्हणजे हिशेब करणारे बारीक स्विच, कुठे बसवायचे, हे आम्ही आठ जण तीन महिने भांडून ठरवायचो. त्याने सहा तासांत ठरवलं.

"आणि जागाही चार टक्के कमी!" साहेब खूश.

हे चार टक्के आले कुठून, ते मी बघितलं. सवय वाईट. राखीव गेट गायब होते. हे गेट काहीच करत नाहीत, माझ्यासारखे कोपऱ्यात बसून असतात. पण कारखान्यातून आलेल्या चिपमध्ये चूक निघाली, तर चिपच्या वरच्या थरातल्या तारा फिरवून त्यांना कामाला लावता येतं. ते नसले तर सगळं पहिल्यापासून.

पण मी कोण सांगणारा? स्वतःचा पत्ताही मी दोनदा तपासून लिहितो. मीटिंगमध्ये मंजुरीचा कागद मात्र माझ्याच पुढे आला. मशीनला सगळं येतं, फक्त सही येत नाही.

"साहेब, राखीव गेट नाहीत," मी कागदाला सांगितलं.

"काका, चूकच नसेल तर राखीव कशाला?"

"नसेलच, म्हणजे... बाकी छान आहे."

"तुमचा ना, स्वतःवरच विश्वास नाही!"

टेस्टिंगवाली म्हणाली, "काका जिन्यालाही एक राखीव पायरी ठेवतील."

सगळे हसले. मीही हसलो, उगाच वाईट दिसायला नको. मग म्हणालो, "सही नाही करणार मी." आवाज इतका बारीक, की साहेबांनी पुन्हा विचारलं. एवढं धाडस मला दोनदा करावं लागलं.

साहेबांनी कपाळावर हात मारला. अकरा मिनिटांत मशीनने गेट परत बसवले.

चिप आली. वीज वाचवायला एकदा झोपवली की ती उठेचना. शेवटी चार राखीव गेट जोडले, तेव्हा पुढच्या खेपेची चिप उठली.

साहेबांनी केक आणला. "बघा मशीनची दूरदृष्टी! आधीच सोय करून ठेवली होती."

टेस्टिंगवाली खाकरली. "सर, ते काका अडून बसले म्हणून."

"अरे हो! काका, तुमच्या सगळ्या शंका शुक्रवारपर्यंत लिहून द्या. मशीनला शिकवून टाकू."

मी घरी लिहायला बसलो. चाळीस वर्षांचा साठा, वही पुरणार नाही असं वाटलं होतं. पण पहिल्याच शंकेपाशी अडलोय: ही यादी द्यावी का?