मी त्याला ताठ बसवलं

या मित्रांनो, असे जवळ सरकून बसा. माझा आवाज मोठा नाही. जन्मभर सदऱ्याच्या आत राहिलेल्याचा तो कुठून असणार? एक गोष्ट सांगतो. तीत फुशारकी नाही, माझी चूक आहे, आणि सांगताना मला मान नसूनही ती खाली जाते.

मी एक जुना कमरेचा पट्टा आहे. जाड कापड, पाठीशी चार पोलादी पात्या, पुढे दाबून लावायची चिकटपट्टी. मला शिवणाऱ्या बाईने शेवटचा टाका घातला, ताणून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा पडक्या भिंतीलाही उभं करील." माणसाला ताठ ठेवणं हाच तेव्हापासून माझा धर्म झाला.

मी आलो एका काचवाल्याच्या घरी. उंच इमारतींना काचा बसवायचं त्याचं काम. एकवीस वर्षं त्याने माणसाएवढ्या काचा पेलल्या. एके दिवशी जिन्यात पाय घसरला, काच वाचवायला गेला आणि मणका गेला. काच मात्र शाबूत राहिली. "मालकाने आधी तिचीच चौकशी केली," असं तो हसत सांगायचा, आणि हसताना कंबर धरायचा.

तो ज्या काचेच्या कारखान्यात नोकरीला होता, त्याने सगळ्या कामगारांचा विमा उतरवला होता. दुखण्यामुळे सहा महिन्यांहून जास्त काम सुटलं, तर पगाराचा काही हिस्सा दरमहा मिळायचा. सहा महिने भरले, अर्ज गेला, आणि विमा कंपनीने त्याला आपल्या डॉक्टरांकडे तपासणीला बोलावलं.

आता ऐका, चूक कुठे झाली. त्या सकाळी त्याने गुळगुळीत दाढी केली, इस्त्रीचा सदरा काढला, एकाऐवजी दोन गोळ्या घेतल्या आणि मला आतून घट्ट आवळलं. परक्यापुढे वाकून जाणं त्याच्या जिवावर आलं होतं. मीही इरेला पेटलो. पाऊण तास त्याला खांबासारखा बसवला. सदरा काढायला कुणी सांगितलं नाही.

डॉक्टरांनी विचारलं, "कसला आधार वापरता का?"

"छे," तो म्हणाला. "देवाच्या कृपेने चाललंय."

त्याचा तळहात तेव्हा माझ्यावरच होता. आणि मित्रांनो, मला त्या क्षणी अभिमान वाटला. माझी खरी लाज ती हीच.

तीन आठवड्यांनी नकाराचं पत्र आलं. बायकोने मोठ्याने वाचलं. "'अर्जदार पाऊण तास विनाआधार ताठ बसले. काम करण्यास असमर्थ दिसत नाहीत.' अहो, पट्टा घालून गेला होतात?"

"मग काय, लोळत जाऊ?"

"फोटो काढायला गेला होतात की दुखणं दाखवायला?"

त्याने तिच्या हातातलं पत्र घेऊन घडी घातली. मग म्हणाला, "सोमवारी कामावर जातो. फुकटखाऊ म्हणवून घेण्यापेक्षा ते बरं."

माझ्या पात्या थरारल्या. एक जड काच उचललीस तर पुन्हा उठणार नाहीस, असं त्याच्या नेहमीच्या डॉक्टरांनी बजावलं होतं.

"फुकट कसलं? हप्ता तुमच्याच पगारातून कापत होते," असं म्हणत ती विम्याचे कागद घेऊन बसली. दुपारभर वाचत राहिली. शेवटी एका ओळीवर बोट ठेवलं. "हे बघा. पहिली दोन वर्षं प्रश्न एवढाच, की तुम्हाला तुमचं काम करता येतं का. काच उचलता येते का. दुसरं कुठलं काम जमेल, ते दोन वर्षांनंतर बघणार. आणि साठ दिवसांत फेरविचार मागता येतो, नवे पुरावे जोडून."

तिने वही केली. 'दहा मिनिटं बसले. आडवे झाले. मोजे मी घातले.' असं रोजचं रोज. नेहमीच्या डॉक्टरांनीही या वेळी नुसतं 'कंबरदुखी' न लिहिता किती वेळ बसता येतं, किती वजन झेपतं, ते लिहून दिलं.

त्याने वही वाचली आणि कानापर्यंत लाल झाला. "ते मोज्यांचं खोड."

"नाही खोडणार."

"अगं, परका माणूस वाचेल."

"वाचू दे की. घालते मी. मला नाही लाज वाटत."

वही जोडून फेरविचाराचा अर्ज गेला, आणि कंपनीच्या दुसऱ्या तपासणीला दुसऱ्या डॉक्टर होत्या. त्यांनी वही आधीच वाचलेली. म्हणाल्या, "पट्टा काढा. बूट-मोजेही."

त्याने मला सोडवून खुर्चीवर ठेवलं. मित्रांनो, इतके महिने मी त्याच्या अंगाला होतो, पण त्याला बाहेरून कधी पाहिलंच नव्हतं. तो एका बाजूला कलला होता. दोन्ही हातांनी बाकाची कड धरून श्वास मोजत होता. हे सगळं मी त्या दिवशी झाकलं होतं.

तपासणी झाल्यावर त्या म्हणाल्या, "घाला आता मोजे." त्याने एक हातात घेतला. दोनदा वाकायला गेला, दोनदा अर्ध्यावरून परतला. मग दाराकडे बघत हळू म्हणाला, "बाहेर माझी बायको बसलीय. तिला बोलावता का?"

एवढं बोलायला जे बळ लागलं, ते त्याला कुठलीच काच पेलताना लागलं नसेल. पुढच्या महिन्यात मंजुरी आली. काचवाला आता दुखलं की 'दुखतंय' म्हणतो. मी जीर्ण झालोय. चिकटपट्टी धरत नाही.

माझं मागणं एकच. 'तुम्हाला दिवसभरात काय काय जमतं?' असं छापलेला कागद कधी तुमच्या घरी आला, आणि घरातलं कुणी आपल्या सगळ्यात चांगल्या दिवसाचं उत्तर लिहायला लागलं, तर हळूच त्याचा हात धरा. आणि हातात एक मोजा घेऊन दाराकडे बघणाऱ्या त्या काचवाल्याची आठवण ठेवा.