जायफळाची साक्ष

आर्जिया गेली एकोणीस वर्षं काचेत उभी होती. काचेत म्हणजे मुलाच्या, ओरेस्तेच्या, खाणावळीच्या दर्शनी खिडकीत. सकाळी दहाला पांढरा एप्रन बांधायचा, दोन हात लांब लाटणं घ्यायचं आणि अंड्यात मळलेल्या पिठाची पोळी इतकी पातळ लाटायची की उजेडाला धरली तर समोरचं घंटाघर तिच्यातून दिसावं. बाहेरून प्रवासी फोटो काढत. त्यांचे नुसते ओठ हलताना दिसत. ब्याऐंशी वर्षांच्या बाईला कुणी बस म्हणत नव्हतं, कारण बसलेल्या बाईचा फोटो चांगला येत नाही.

रोक्कालूपा गाव बेरेत्तेवर जगत होतं. बेरेत्ते म्हणजे मांसाचं सारण भरून टोपीसारखी घडी घातलेल्या इवल्याशा पोळ्या, कोंबडीच्या सुपात उकळलेल्या. त्यांच्या जिवावर तेरा खाणावळी, एक उत्सव आणि लाल झगे घालून मिरवणारं एक मंडळ. पाककृतीत कणभर बदल करणार नाही, अशी मंडळाची शपथच होती. ती पाककृती चारशे वर्षांपूर्वी इथल्या सरदाराच्या मुदपाकखान्यात जन्मली, असं अध्यक्ष गालेआझी मास्तर सांगत. पुरावा काय, तर जायफळ. किलोभर सारणाला दोन अख्खी जायफळं गरिबाच्या घरात कुठून येणार? यावर मास्तरांनी दोनशे पानांचं पुस्तक लिहिलं होतं. शिकलेल्या माणसाला पुस्तक लिहायला एक जायफळ पुरतं.

ते कुठून आलं हे आर्जियाला ठाऊक होतं. युद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात गावात अमेरिकन सैनिक उतरले तेव्हा ती आठ वर्षांची होती. तिची आई एर्सिलिया त्यांचे कपडे धुवायची आणि बदल्यात डबाबंद मांस आणायची. त्या मांसाला पत्र्याचा वास यायचा, पोरं तोंड फिरवायची. गाव सोडून गेलेल्या औषधवाल्याच्या फळीवर जायफळाची एक बरणी उरली होती. वास मारायला एर्सिलियाने ते किसून सारणात घातलं. झाला सरदाराचा शाही मसाला! डबे संपल्यावर तिने कधी उकडलेले चेस्टनट भरले, कधी शिळा पाव आणि चीज. घरात असेल ते घाल आणि घडी नीट घाल, एवढीच तिची पाककृती.

मग हे खोटं रचलं कुणी? मास्तरांनी नाही, आर्जियानेच. सैनिकांचे कपडे धुणाऱ्या बाईला गाव काय काय म्हणालं होतं, ते तिने लहान वयात ऐकलं होतं. कारंज्यावर बायका आईला पाणी भरू देत नसत. चाळीस वर्षांपूर्वी शहरातून एक वार्ताहर आला आणि हे कुणाकडून शिकलात म्हणून विचारू लागला. आईची अब्रू झाकायला ती बोलून गेली, "आजीकडून. ती तिच्या आजीकडून." त्या एका वाक्याला मास्तरांनी सरदार जोडला, मंडळाने झगे शिवले, आणि एर्सिलियाचं नाव कुठल्या कुठे गेलं.

आता गावाला मानाचा शिक्का मिळायचा होता. त्यासाठी उत्सवाच्या दिवशी शहरातल्या समितीपुढे गावातल्या सगळ्यात जुन्या लाटणाऱ्या बाईने साक्ष द्यायची होती. आर्जियाला वाटलं, मरायच्या आधी आईला तिचं श्रेय द्यायची ही शेवटची संधी. उत्सवाच्या सकाळी तिने मुलाला सगळं सांगून टाकलं.

ओरेस्तेने हातातलं ताट खाली ठेवलं. "आई, हे चाळीस वर्षांपूर्वी सांगायचं होतंस. आज तेरा घरांच्या चुली यावर पेटतात."

"आणि तुझ्या आजीचं काय?"

"तिचं नाव घे की. मी कुठे नको म्हणतोय? फक्त ते डबे काढू नकोस."

तो गेल्यावर नीवेस बेरेत्तेच्या घड्या घालायला आली. आर्जियाहून दोन वर्षांनी मोठी, पण लाटण्याला कधी हात न लावलेली. आर्जियाच्या साक्षीखाली साक्षीदार म्हणून सही तिचीच व्हायची होती. ओरेस्तेने वाटेत तिच्या कानावर घातलंच होतं.

"कारंज्यावर तुझ्या आईला शिव्या देणाऱ्यांत मी होते," ती घडी घालता घालता म्हणाली. "आमची आई शिकवायची तशा द्यायचे. आणि अंधार पडला की वाडगं घेऊन तुमच्या मागच्या दाराला मीच यायचे. तुझ्या आईने एकदासुद्धा बोलून दाखवलं नाही."

"ठाऊक आहे. दार मीच उघडायचे."

"तू सांगितलंस तर हेही निघेल गं. माझ्या नाती समोर बसल्या असतील." नीवेसचे हात थांबले. "आणि तू जायफळ फार घालतेस. तिचं इतकं नसायचं."

दुपारी चौक माणसांनी फुलला. समितीतल्या बाईंनी आर्जियापुढे माइक धरला आणि हे कुणाकडून शिकलात म्हणून विचारलं. पुढच्या रांगेत लाल झगे, त्यांच्या मागे तेरा खाणावळींची माणसं, बाजूला नीवेस, मांडीवरचे हात एकमेकांत घट्ट धरून बसलेली. तिच्या दोन्ही नाती तिला वारा घालत होत्या. आर्जियाच्या ओठांवर डबे आले, कारंजं आलं. बोलावं तर नीवेस मरते, न बोलावं तर आई पुन्हा मरते. नीवेस जिवंत होती.

"आजीकडून," आर्जिया म्हणाली. "ती तिच्या आजीकडून." टाळ्या सुरू झाल्या तशी ती माइककडे पुन्हा झुकली. "आणि माझ्या आईचं नाव एर्सिलिया होतं. तेवढं कुठेतरी लिहा."

तिला वाटलं, निदान एवढं तरी झालं हातून. नीवेसने सही केली, शिक्का मिळाला. मास्तर तर गहिवरले. लिहू म्हणाले, आणि शब्दाला जागले.

महिन्याभरात तिच्या खिडकीसमोर, घंटाघराच्या भिंतीवर, संगमरवरी पाटी बसली. मंडळाने एक नवा नियमही केला. पोळीतून नुसतं घंटाघर दिसून भागायचं नाही, पाटीवरची अक्षरं वाचता आली पाहिजेत.

तेव्हापासून रोज सकाळी दहाला आर्जिया काचेत उभी राहून पोळी लाटते, दोन्ही हातांनी उजेडाला धरते, आणि बाहेर फोटो निघत असताना पिवळ्या पोळीतून वाचते: एर्सिलिया, जिने सरदारांची पाककृती जन्मभर कणभरही न बदलता जपली.