तेराव्या आवृत्तीची बाधा

"चालला! बाण आपोआप चालला!"

गुरुवारी सकाळी गलका झाला आणि दैवशालाच्या ऑनलाइन सेंटरसमोरची गर्दी एकदम पुढं सरकली. पुढच्यांची पोटं टेबलाला टेकली, मागच्यांनी पुढच्यांच्या खांद्यांवर हनुवट्या ठेवल्या.

टेबलावर संगणक होता. पडद्याला झेंडूचा हार, खालच्या डब्याला हळदीकुंकू, कीबोर्डवर पाच लिंबं. माऊसची वायर उपटून तो माऊस दैवशालाच्या हातात दिलेला होता, आणि तरीही पडद्यावरचा पांढरा बाण हलत होता. तो डावीकडून निघाला, मधोमध थबकला, एक गिरकी घेतली आणि कोपऱ्यातल्या कचऱ्याच्या टोपलीच्या चित्रावर जाऊन बसला.

"पाहा!" पाटावर बसलेले हरिओम महाराज गरजले. "पीडा कुठं दडली आहे, हे यंत्र स्वतःच्या तोंडानं सांगतं आहे!"

गर्दीनं हात जोडले. कुणीतरी नारळ फोडला, त्याचं पाणी प्रिंटरवर उडालं. दैवशालाच्या अंगावर काटा आला. तिचा असल्या गोष्टींवर फारसा विश्वास नव्हता, पण माऊस तिच्याच हातात लोंबकळत होता आणि बाण तिच्याच डोळ्यांदेखत फिरत होता. आता डोळ्यांना खोटं कसं म्हणायचं?

या सगळ्याची सुरुवात सोमवारी झाली होती. सकाळी तिनं सेंटर उघडलं, तर तिच्या दोन्ही संगणकांवर निळा पडदा आणि एकच ओळ: 'नवी आवृत्ती बसवली जात आहे. कृपया बंद करू नका.' दोन तासांनी पडदा उजळला. 'आवृत्ती तेरामध्ये आपले स्वागत आहे.' स्वागत झालं आणि दोन्ही यंत्रांनी मान टाकली. एरवी मिनिटाभरात निघणारा सातबारा उघडायला अकरा मिनिटं लागायला लागली. पंखा घरघरायचा, चक्र गरगरायचं, माणसं बाकावर बसून पेंगायची.

दैवशाला कामाला वाघीण होती, पण थांबणं तिच्या रक्तात नव्हतं. चहाला उकळी यायच्या आत गाळणारी ती बाई. दहा मिनिटं झाली की ती यंत्राचं बटण दाबून धरायची आणि खाडकन बंद करायची. मग पुन्हा चालू, पुन्हा चक्र, पुन्हा खाडकन. सोमवार, मंगळवार, बुधवार हेच.

यात सगळ्यात बेजार झाली ती निकिता. निकिता म्हणजे मेंढरंवाल्या नर्मदाबाईंची नात. त्या घरातली बारावी झालेली पहिलीच पोर, आणि तिला पशुसंवर्धनाच्या पदविकेचा अर्ज भरायचा होता. शेवटची तारीख शुक्रवार, संध्याकाळी पाच. तीनदा अर्धा भरला, तीनदा यंत्र अडकलं.

बुधवारी दैवशालाचा नवरा आश्रुबा पोखर्णीच्या बाजाराला गेला आणि येताना भाजीबरोबर हरिओम महाराजांना घेऊन आला. भगवी कफनी, खाली पांढरे बूट, गळ्यात रुद्राक्षाच्या माळेत ओवलेले तीन पेनड्राइव्ह. उजवा हात सदैव गोमुखीत, म्हणजे आत हात घालून जपमाळ ओढायच्या त्या कापडी पिशवीत. महाराज दिवसभर जप करत, अगदी भजी खातानासुद्धा. भजी ते डाव्या हातानं खात.

"आता कोणती आवृत्ती आली?" महाराजांनी गर्दीला विचारलं.

"तेरावी!"

"आणि तेरावं कुणाचं घालतात?"

गर्दी चरकली. "मेलेल्याचं!"

"बारावी आवृत्ती मेली. तिचे दिवस कुणी घातले? पिंडाला कावळा कुणी शिववला? तिचा आत्मा या डब्यात घुटमळतो आहे, बाळांनो! या यंत्रात रॅम असते. रॅम म्हणजे कोण? साक्षात राम! रॅम कमी पडली की रावण माजतो. ओम ऱ्हीं क्लीं क्लिक् क्लिक् फट्!"

असं म्हणून त्यांनी डाव्या हातानं डब्याच्या पाठीमागं मूठभर विभूती लावली आणि आश्रुबाकडून सगळा डबा लाल कापडात घट्ट गुंडाळून घेतला. पाचच मिनिटांत डबा असा घुमायला लागला, की मागच्या बाकावरची दोन पोरं पळाली.

"अंगात आलं! डब्याच्या अंगात आलं!" आश्रुबा ओरडला.

महाराजांनी कापड सोडायला लावलं. डबा हळूहळू शांत झाला.

उपाय त्यांनी सांगितला तो असा. सव्वा दिवस अनुष्ठान. गुरुवारी सकाळी बसायचं, शुक्रवारी चार वाजता उठायचं. तोवर यंत्र अखंड चालू पाहिजे, वीज गेली तर इन्व्हर्टरवर. कुणी हात लावायचा नाही, बंद तर मुळीच करायचं नाही. आणि शेवटी एक काळा बोकड, बिनडागाचा. तो महाराज स्वतः घेऊन जाऊन 'योग्य ठिकाणी' पोचवणार होते.

गावात बिनडागाचा काळा बोकड एकच होता, नर्मदाबाईंचा सरदार. त्याची आई वेताच्या दिवशीच गेली, तेव्हा निकितानं त्याला बाटलीनं दूध पाजून वाढवला होता.

"आजी, सरदारला न्हाई द्यायचं," निकिता रडवेली झाली. "मी परभणीला जाऊन फारम भरते की."

"महाराज काय म्हनले, ऐकलं न्हाईस? ज्या मशिनीत आडकला त्यातूनच अर्ज सुटला पायजे. न्हाईतर बाधा तुझ्या मागं लागंल." नर्मदाबाईंचेही डोळे भरले होते. "बोकड काय, पुन्हा व्हईल. नात कुठून आनू मी?"

गुरुवारी दुपारच्या सुट्टीत हायस्कुलातल्या विज्ञानाच्या धम्मशीला मॅडम चाचणीच्या प्रश्नपत्रिका छापायला आल्या. हार, लिंबं, गर्दी, पाटावर डुलणारे महाराज, सगळं त्यांनी दारातूनच पाहिलं. मग आत येऊन आश्रुबाला विचारलं, "त्या दुसऱ्या संगणकाचं काय? तोही बिघडलाय ना?"

"एका बोकडात एकच मशीन बसतंय, मॅडम," आश्रुबा गंभीरपणे म्हणाला.

मॅडमनी दैवशालाला बाजूला घेतलं. "ताई, एक काम करा. तो दुसरा संगणक पण चालू करून ठेवा. उद्या चारपर्यंत हात लावू नका, बंद करू नका. हार नको, लिंबू नको, मंत्र नको. काहीच नको."

"त्यानं काय व्हईल?"

"मला वाटतं ते मी आत्ता सांगत नाही. उद्या दोन्हींवर तोच सातबारा उघडू आणि घड्याळ लावू. महाराजांच्या मंत्रात दम असेल, तर त्यांचा पळेल आणि तुमचा रखडेल. मग बोकड मी स्वतः ओढत आणून देईन."

दैवशालाला हे पटलं. पण निभावणं अवघड होतं. दुसऱ्या संगणकाचा पंखा घुर्र करायचा आणि तिचा अंगठा आपोआप बटणाकडं जायचा. दुपारी दोनदा तिनं स्वतःच स्वतःच्या हातावर चापट मारली. शेवटी ती गवारीची पाटी घेऊन बसली आणि संध्याकाळपर्यंत शेंगा मोडत राहिली. अर्ध्या गल्लीला पुरेल एवढी गवार मोडून झाली.

शुक्रवारी चारला सेंटरसमोर पाय ठेवायला जागा नव्हती. नर्मदाबाई सरदारला दोरीला धरून उभ्या होत्या. निकिता कागदपत्रांची पिशवी छातीशी धरून घड्याळाकडं बघत होती.

"ओम फट्!" महाराजांनी डोळे उघडले. बाण आपोआप चालत गेला आणि एका चित्रावर जाऊन टकटकला. पडदा झटकन उघडला. आश्रुबानं सातबारा मागवला. चाळीस सेकंदांत आला! गर्दीनं असा जयघोष केला, की पिंपळावरचे बगळे उडाले.

"आता हा," धम्मशीला मॅडम दुसऱ्या संगणकाकडं वळल्या. दैवशालानं तोच गट नंबर टाकला आणि मॅडमनी घड्याळ लावलं.

एकोणचाळीस सेकंद.

"आरं, ह्याला तर महाराजांनी शिवलंसुदिक न्हाई," मागून एक म्हातारा पुटपुटला.

महाराज डगमगले नाहीत. "कृपा ओसंडली, बाळांनो! अनुष्ठान इतकं प्रखर झालं, की शेजारचं यंत्रही उद्धरलं!"

गर्दी पुन्हा हात जोडायला लागली, आणि दैवशालाचं डोकं सणकलं. सव्वा दिवस तिनं हात बांधून बसायचं आणि श्रेय या ओसंडलेल्या कृपेला? "मग महाराज, भिंतीपलीकडं रंगनाथरावांची गिरणी हाय," ती म्हणाली. "तिचा पट्टा आज सकाळी तुटला. कृपा तिकडं का न्हाई ओसंडली? भिंत आडवी आली का?"

लोक हसले. महाराजांना तिथून लवकर निघणं बरं वाटलं असावं. "बोकड आणा," म्हणत ते उठले आणि दोरी धरायला त्यांनी दोन दिवसांत पहिल्यांदाच उजवा हात गोमुखीतून बाहेर काढला. गोमुखी टेबलाच्या कडेवर ठेवली.

महाराज खाल्ल्यावर डावा हात पुसत त्या गोमुखीलाच, म्हणून तिला दोन दिवसांच्या भज्यांचा आणि गुळाच्या प्रसादाचा वास लागलेला होता. सरदारनं मान लांबवली आणि ती अख्खी तोंडात धरली.

पडद्यावरचा बाण एकदम उसळला.

सरदारनं मुंडी झटकली. बाण वर, खाली, तिरपा, सैरावैरा. त्यानं कचकन चावलं, तर पडद्यावर हिशेबाचं यंत्र उघडलं. पुन्हा चावलं, घड्याळ उघडलं. तिसऱ्यांदा चावलं आणि आश्रुबाच्या मेव्हण्याच्या लग्नाचा व्हिडिओ सुरू झाला, बँडबाजासकट.

"बोकडाच्या अंगात आलं!" आश्रुबा किंचाळला आणि आडवा पडून सरदारच्या खुरांना हात लावायला लागला.

"आवं, उठा!" दैवशालानं नवऱ्याला ओलांडलं, सरदारच्या तोंडातून गोमुखी ओढून काढली आणि टेबलावर उपडी केली. आतून जपमाळ पडली नाही. पडला तो एक छोटा काळा माऊस, बिनवायरचा, पोटाखाली लाल दिवा लुकलुकत असलेला.

धम्मशीला मॅडमनी डब्यामागची विभूती बोटानं पुसली. खाली नखाएवढी काळी खुंटी खोचलेली होती. "ही या माऊसचा इशारा पकडते," त्या म्हणाल्या आणि खुंटी उपसली. बाण जागच्या जागी मेला. बँड मात्र वाजत राहिला.

"तो जपाचा माऊस आहे," महाराज क्षीण आवाजात म्हणाले. मग दाराकडं पाहिलं. दारात सगळं गाव होतं.

दैवशालानं त्यांना बाकावर बसवून पाणी दिलं. कुणी हात उगारला, तर तिनं अडवला. थोड्या वेळानं हरिओमनं कफनीनं तोंड पुसलं आणि तो बोलीभाषेवर आला. "मी चार वर्षं कंप्युटर दुरुस्तीच्या दुकानात कामाला होतो, ताई. नवीन आवृत्ती आली की रोज पंधरा मशीन यायच्या. दोन दिवस नुस्त्या चालू ठेवल्या की नीट व्हायच्या. मी लोकांना सांगायचो, काई करू नका, थांबा. कुनी ऐकत नव्हतं. भांडायचे. 'अनुष्ठान' म्हनल्यावर लगेच थांबायला लागले."

दैवशालानं बटण दाबणारा आपला अंगठा पदरात लपवला. तो तिच्याबद्दलच बोलत होता. पण एक गोष्ट तिला विचारायचीच होती. "आन् बोकड? तो बी थांबायलाच न्यायला होतास का?"

हरिओमनं मान खाली घातली. गावच्या पोलीस पाटलांनी त्याचा जबाब लिहून घेतला आणि पोलिसांना फोन लावला.

"पाचला वीस कमी!" निकिता ओरडली. सगळे भानावर आले. कागद निघाले, फोटो चढला, सही चढली. चार वाजून एकोणपन्नास मिनिटांनी पडद्यावर आलं, 'आपला अर्ज स्वीकारला आहे.' नर्मदाबाईंनी पदरात तोंड लपवलं. निकिता सरदारच्या गळ्यात पडली.

मग मॅडमनी सगळं उलगडून सांगितलं. नवी आवृत्ती बसल्यावर संगणकाची आतली बरीच कामं उरलेली असतात. हजारो कागदांची यादी पुन्हा करायची, जंतू म्हणजे व्हायरस शोधणाऱ्या प्रोग्रामनं सगळं परत तपासायचं, जुनी आवृत्ती बांधून एका बाजूला ठेवायची. ही कामं मागं चालू असतात, म्हणून पुढचं काम रखडतं. एक-दोन दिवस चालू ठेवलं की ती उरकतात. "दैवशालाताई दर दहा मिनिटांनी बंद करायच्या, मग ती उरकणार कधी? आणि तो डबा घुमला, कारण कापडानं त्याची हवा कोंडली. आत तापलं, म्हणून पंखा जोरात फिरला. तुमच्या तोंडावर घोंगडं दाबलं तर तुम्हीही घुमाल."

"म्हंजी मेंढरावानी हाय की," नर्मदाबाई म्हणाल्या. "नव्या रानात वाडा हलवला तर पयल्या दिशी मेंढरं चरत न्हाईत. कोपरा न् कोपरा हुंगत फिरतेत. त्यायला हाकललं तर आनिक बुजतेत."

"अगदी तसंच, आजी!"

"मग आता हा डबा नव्यावानी पळंल का?" आश्रुबानं कपडे झटकत विचारलं.

"नाही. तो आठ वर्षांचा आहे. मेमरी वाढवून घ्या, थोडा सुधारेल. न सुधारला तर बदला. त्यालाही मंत्र नाही."

लोक पांगायला लागले, तेव्हा दैवशाला पायरीवर उभी राहिली. भाषण तिला येत नव्हतं, पण राहवेना. "ऐका रे समदे. मी बी हात जोडले होते, म्हनून माझीच लाज सांगते. डोळ्याला दिसलं म्हंजी खरंच असतंय असं न्हाई. आमुक केल्यानं गुण येतो असं कुनी म्हनलं, तर एकाला करून बघा आन् एकाला न करता बघा. दोन्ही सारखंच निघालं, तर गुण त्याचा न्हाई. इतकी साधी गोष्ट हाय, त्याला शिकलेलंच असावं लागतं असं बी न्हाई. देवानं न्हाई तर आईबापानं, डोकं दिलंय ना? वापरा की जरा!"

टाळ्या वाजल्या. आश्रुबा मात्र विचारात पडला होता. वर्षभर तो दुखऱ्या गुडघ्यांना रोज अंगारा लावत होता. त्या दिवसापासून त्यानं फक्त डाव्या गुडघ्याला लावला, उजव्याला नाही. पंधरा दिवस त्यानं नोंद ठेवली. सोळाव्या दिवशी सकाळी तो दोन्ही गुडघे घेऊन परभणीला हाडांच्या डॉक्टरकडं गेला.