उठणाऱ्याचं हेल्मेट

मित्रांनो, माझ्या ज्या पोकळीत एकेकाळी ऊबदार डोकं असायचं, तिथं आता धूळ बसते. मी बर्फावरच्या हॉकीचं एक जुनं हेल्मेट आहे, कॅनडातल्या थंडर बे शहराच्या रिंकमध्ये, म्हणजे बर्फाच्या मैदानाशी, खिळ्याला टांगलेलं.

साच्यातून निघालो तेव्हा मी नुसतं कवच होतो. मग आत फोम बसला, पट्टा लागला, आणि सामानघरातल्या म्हाताऱ्या ऑर्विलनं स्क्रू पिळून मला एमिल कोवालचुकच्या डोक्यावर चढवलं. एमिल व्यावसायिक संघातला बचावपटू. तेव्हापासून डोई माझ्या पोटी, नि मी डोईच्या माथी. त्यानं गोल वाचवला की सोबती माझ्यावर टपल्या मारत. त्या टपल्यांचा मला कोण अभिमान!

सामन्याआधी त्याची बायको ग्वेन मला बोटांनी ठोठावायची. "दोघंही घरी या रे. हे एकटं आलं तर दार उघडणार नाही मी." एमिल हसायचा. मला मात्र धास्ती वाटे. खेळातली रबरी चकती मी अडवीन, काठी अडवीन; पण कवटीच्या आत हिंदकळणाऱ्या मेंदूला धरायला मला हात कुठे आहेत?

आमच्याकडे रीत आहे: पडलेला गडी उठला की दोन्ही संघ कठड्यावर काठ्या वाजवतात. त्या आवाजासाठी जो तो उठतो. पडून राहणं म्हणजे नामुष्की.

एका हिवाळ्यात एमिलची नजर चकतीवर असताना समोरच्या संघातल्या डार्सी व्हेलननं खांदा उचलून थेट माझ्यावर घातला. डार्सी म्हणजे लीगचा लाडका, तिकिटं खपवणारा. एमिल उठला. काठ्या वाजल्या. तो पुढे खेळलासुद्धा.

शिस्त समितीनं चित्रफीत पाहिली नि ठरवलं, गडी उठला, खेळला, मग बंदी कशाला? डार्सी सुटला. पुढे दुसऱ्या गावच्या एका नवख्यानं अगदी तसाच खांदा घातला. ज्याला तो बसला, ते डोकं उठलं नाही. नवख्याला उरलेला हंगाम घरी बसवलं.

"अंडं फुटलं तरच हात चुकला म्हणायचं होय?" ऑर्विल मला पुसत चिडला. "वार तोच ना रे?"

"माझं काय फुटलंय? बघ, ओरखडाही नाही," एमिल माझ्याकडे बोट दाखवून म्हणाला.

खरंच नव्हता. पण तो डोळ्यांवर टॉवेल धरून बसे, एका बुटाची नाडी बांधून दुसरी विसरे, आणि माझ्या पोटात त्याचा ठणका घुमत राही.

मग डार्सीचा संघ पुन्हा आमच्या गावी आला. ग्वेननं मला ठोठावलं नाही. नुसता तळवा टेकवला.

"किल्ल्या फ्रीजमध्ये ठेवतोस हल्ली. आज पडलास तर पडून राहा."

"पोरं जन्मभर चिडवतील, ग्वेन."

"चिडवू देत. चिडवलेलं तुझ्या लक्षात तरी राहू दे."

तोच खांदा आला, तिथंच बसला. आम्ही पडलो. एमिलनं सवयीनं गुडघा पोटाशी घेतला. वर प्रेक्षकांतून कुणी ओरडलं, "ऊठ रे! झोपायचं तर घरी जा!" कठड्यावर काठ्या तयार होत्या. काचेपलीकडे ग्वेन उभी होती, तळवा काचेला चिकटवून. गुडघा हळूहळू सरळ झाला. मी बर्फाला टेकलो. काठ्या वाजल्याच नाहीत.

डार्सीवर लांबलचक बंदी आली. समितीचा फोन आला तेव्हा एमिलनं एवढंच विचारलं, "आणि मी उठलो असतो तर? मागचा खांदाही हाच होता."

मग त्यानं फोन ठेवून दिला. एमिल पुन्हा सामना खेळला नाही.

आता तो इथं लहानग्यांना शिकवतो. परवा एक मुलगी आपटली आणि घाईघाईनं उठू लागली. एमिल तिच्याशेजारी बर्फावर चक्क आडवा झाला. "पडून राहा, राणी. मीही आहे. काठ्या मागाहून वाजवू."

मित्रांनो, मारणारा कुणाचा लाडका आहे, पडलेला किती लवकर उठला, यावर वार तोलू नका. वार वारानंच तोला, प्रत्येक वेळी, सगळ्यांसाठी. आणि डोकं शाबूत आहे का, हे माझ्याकडे बघून तर मुळीच ठरवू नका. माझ्यावर अजूनही ओरखडा नाही.