नाव वाळेना

"मेला कागद भारीच आतल्या गाठीचा. वरून कोरडा दिसतो नि आत सगळं पाणी धरून बसतो."

मालिनी हे मला सांगत नव्हती. ती कागदालाच सुनावत होती, आणि कागदाशी बोलताना तिचं नाक त्याच्यापासून बोटभरच लांब असतं. मी टेबलाच्या अलीकडे पाकिटं चिकटवत बसले होते. मी शेजारीण. दुपारचा चहा मला या घरात मिळतो आणि तो पाकिटांच्या बोलीवर मिळतो. मालिनीच्या तोंडी सगळंच मेलं असतं: मेला पंखा, मेलं मांजर, मेला गॅसवाला. त्यामुळे मान वर न करताच मी म्हटलं, की जरा ऊन दाखव त्याला.

"उन्हातूनच आणलाय गो मथुरा. हात लावून बघ."

मी हात लावला. 'चि. सौ. कां. वैदेही' कोरडं होतं. नावाभोवती रंगवलेली सुरंगीची फुलं कोरडी, खालचा मुहूर्त कोरडा, कार्यालयाचा पत्ताही खडखडीत. मधली एकच ओळ ओली होती. 'श्री. भास्कर मुळ्ये यांची कन्या.' माझ्या बोटाला गडद निळा रंग लागला, पण कागदावरचं अक्षर जराही फिसकटलं नाही. लाट मागे सरल्यावर वाळू चकाकते तशी ती ओळ नुसती चकाकत राहिली.

फाल्गुन लागला होता. कातळ असा तापत होता की अंगणात घातलेले पापड आपला चहा होईस्तोवर कडक होत. अशा दिवसांत रत्नागिरीत काही ओलं राहायचं म्हणजे त्याला तसंच कारण लागतं.

मालिनी ग्रीटिंग कार्डं करते. वाढदिवसाची, बारशाची, आजाऱ्याला धीर द्यायची. कुणी शिकवलं नाही. लेक वैदेही शाळेत असताना तिच्या रंगपेटीतले उरलेले रंग वाया जाऊ नयेत म्हणून सुरुवात झाली. आम्हा बायकांच्या बऱ्याच कला काहीतरी वाया जाऊ नये म्हणूनच सुरू होतात. आता मारुती मंदिराजवळच्या एका दुकानात तिची कार्डं ठेवतात. पर्यटक ती उलटसुलट करून बघतात, छापील नाहीत म्हटल्यावर पुन्हा बघतात. पाण्यात विरघळत गेलेलं आभाळ, त्यावर एखादी होडी, नाहीतर लालभडक रातांबे. मजकूर मात्र ठशांनी. भेंडीचं देठ कापून उमटवलेली फुलं तिची आणि अक्षरं आप्पांची.

आप्पा म्हणजे तिचे सासरे. भाट्याच्या नारळ संशोधन केंद्रातून कारकुनी करून निवृत्त झाले आणि हातात पातं घेऊन बसले. स्लिपरच्या तळव्यात ते अक्षरं कोरतात आणि फणसाच्या लाकडाच्या तुकड्यावर चिकटवतात. पट्टा तुटला की आळीत कुणी स्लिपर टाकत नाही, आप्पांकडे पाठवतं. ठशात अक्षर उलटं कोरावं तेव्हा कागदावर सुलटं उमटतं. आप्पांना उलटं वाचायची इतकी सवय झाली आहे, की वर्तमानपत्रसुद्धा आरशात धरून जरा खरं वाटतं, असं ते म्हणतात.

एका स्लिपरला मात्र त्यांनी कधी पातं लावलं नव्हतं. ती दाराशी असते, पायपुसण्याच्या डाव्या बाजूला. एकटीच.

ती भास्करची. भास्कर म्हणजे मालिनीचा नवरा, आप्पांचा एकुलता एक. वैदेही दहावीत होती तेव्हाचा श्रावण. रविवारी तो गरी घेऊन समुद्राकाठच्या खडकाळ खडपावर मासे धरायला गेला. हे त्याचं नेहमीचंच. मासा क्वचित आणायचा, रंगवलेल्या गोष्टी मात्र हमखास आणायचा. त्या दिवशी समुद्राला जोर होता. संध्याकाळी लोक शोधायला गेले तेव्हा खडपाच्या एका कपारीत ही स्लिपर अडकलेली मिळाली. तिची जोडीदारीण मिळाली नाही. भास्करही मिळाला नाही.

मग काही दिवस लोक बातम्या घेऊन येत. कुणी त्याला मालवणात पाहिलेलं असे, कुणी लोट्याला कंपनीच्या बसच्या खिडकीत. मालिनी सगळ्यांना चहा देई आणि ऐकून घेई. पुढे बातम्या आटल्या, पण कुणी काही विचारलं की ती म्हणायची, "ते सध्या इथं नाहीत." हा 'सध्या' हळूहळू सगळ्या आळीने उचलला. शाळेत, रेशनच्या दुकानात, मतदारयादी तपासायला आलेल्या बाईंपुढे, सगळीकडे भास्कर मुळ्ये सध्या इथं नव्हता. 'भास्कर गेला' असं कुणी चुकून म्हटलंच, तर मालिनी शांतपणे "येतील" म्हणायची. गेलेला माणूस येऊ शकतो, आपल्या भाषेने एवढी फट ठेवलेली आहे. तिचं कुंकू तसंच राहिलं, मंगळसूत्र तसंच. संक्रांतीला मी तिला 'सौ. मालिनीस' म्हणून बोलावते आणि वाण तिच्या ओटीत घालताना तिच्या डोळ्यांत बघत नाही.

स्लिपरचं आणखी एक आहे. मालिनी सकाळी झाडताना ती अंगणाकडे टोक करून ठेवते, बाहेर निघालेल्या माणसाची असावी तशी. दुपारी मी येते तेव्हा तिचं टोक घराकडे असतं. आत्ताच आत येऊन काढून ठेवल्यासारखी. मालिनीने मला एकदा हळूच सांगितलं, की आप्पा फिरवतात, म्हातारं माणूस आहे, बोलू नकोस. आप्पांनीही मला हळूच सांगितलं, की मालिनी फिरवते, जीव आहे तिचा, बोलू नकोस. मी दोघांनाही बोलत नाही म्हणून कबूल केलं. तेव्हापासून त्या दारातून येताना मी माझ्या चपला जरा लांबच काढते.

आता वैदेहीचं लग्न ठरलं होतं. मुलगा अजिंक्य, लोट्याला कंपनीत शिफ्ट इनचार्ज. वैदेहीने एकच हट्ट धरला: बाकीच्यांना फोनवरून आमंत्रणं जाऊ देत, पण जवळच्या घरांना आईच्या हातची पत्रिका जायला हवी, तिच्या रंगांची. मालिनी हरखली. मग अजिंक्यच्या आईचा फोन आला. त्यांच्याकडची पत्रिकाही छापायला जायची होती, तेव्हा तुमच्याकडची नावं कशी घालायची ते कळवा, असं त्या म्हणाल्या. 'कशी' या शब्दावर त्या किंचित थांबल्या. मालिनी म्हणाली, "असतात तशी." आणि आप्पांना तिने ओळ कोरायला सांगितली: श्री. भास्कर मुळ्ये यांची कन्या. आप्पा पातं हातात धरून बराच वेळ बसले. मग त्यांनी कोरली.

ती ओळ वाळेना.

मालिनीने कागद बदलला. निळा रंग सोडून तपकिरी घेतला, मग शाईचं पॅड आणलं. केस वाळवायचं यंत्र माझ्याकडून नेलं. पत्रिका चिमट्यांनी पडवीतल्या तारेवर टांगल्या आणि रोज दुपारी मी येऊन बोट लावायची. बाकी सगळं कोरडं, ती ओळ ओली. शिवाय तारेखाली उभं राहिलं की वास यायचा. रंगाचा नव्हे. ओहोटी लागल्यावर खडपावरच्या शेवाळाचा येतो तसा.

शिमग्याला वैदेही पुण्याहून घरी आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी तिने तारेवरची पत्रिका काढली, कौतुकाने फुलांवरून हात फिरवला आणि मध्येच थांबली. बोट बघितलं. मग लहानपणची खोड अजून गेली नव्हती म्हणून असेल, बोट जिभेला लावलं.

"आई, यात मीठ टाकलंस?"

मालिनी ओल्या रंगावर कधीकधी मीठ भुरभुरवते, त्याने आभाळात चांदण्यांसारखे ठिपके उठतात. पण ते आभाळावर. नावावर कोण मीठ टाकेल? मालिनी म्हणाली, की चुकून सांडलं असेल. मी पाकिटाची कड दुमडत बसले. आप्पा पडवीच्या टोकाला पेपर वाचत होते. पेपर हातात सरळच होता, पण पान उलटत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पहिली पत्रिका देवापुढे ठेवायची होती. ग्रामदेवतेला बोलावल्याशिवाय बाकी कुणाला बोलावत नाहीत, त्यामुळे सगळं तिथं अडलं होतं. जेवणं झाली. दुपारची ती वेळ, वारा पडतो आणि समुद्रसुद्धा श्वास धरून असतो. मालिनीने एक नवी पत्रिका घेतली, फुलं रंगवली, एकेक ठसा उमटवला, शेवटी ती ओळ. आम्ही तिघी वाकून बघत होतो. वैदेहीचं नाव आमच्यादेखत वाळलं, कडेपासून आत, डोळा मिटावा तसं. मधली ओळ चकाकत राहिली. 'श्री.'च्या वेलांटीखाली एक थेंब जमला, फुगला आणि कागदाच्या कडेकडे सरकून टेबलावर पडला.

"देवापुढे ओली पत्रिका कशी ठेवू गो?" मालिनी म्हणाली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच तिचा आवाज कागदावर चिडलेला नव्हता. घाबरलेला होता.

वैदेही म्हणाली, "आई, मला वाटतं 'श्री.'च्या जागी आपण..." आणि तिथंच अडकली. आईच्या कपाळाकडे बघितलं. "...दुसरा रंग घेऊ या."

"सगळे घेऊन झाले."

मग वैदेहीने माझ्याकडे बघितलं. मी बोलावं म्हणून. मला आळीत फटकळ म्हणतात. गॅसवाल्यापासून सरपंचापर्यंत कुणाला तोंडावर बोलायला मी मागेपुढे बघत नाही. मी म्हटलं, चहा टाकते.

चहा गॅसवर ठेवून परत येऊन बसले तेव्हा लक्षात आलं, की आप्पा त्यांच्या खुर्चीवर नाहीत. ते आतून आले. एका हातात त्यांनीच कोरलेला तो लांब ठसा होता, पण त्याच्या पुढचा तुकडा कापलेला. 'श्री.' नव्हता. दुसऱ्या हातात एक लहानसा ठसा, नवा, सुपारीएवढा. रबराची वरची बाजू पांढरी आणि खालची निळी, एक कड गोल, टाचेची असते तशी. पांढरा भाग पायाने झिजून पिवळा पडलेला.

मी दाराकडे बघितलं. स्लिपर जागेवर होती. टाचेच्या जागी कापलेलं भोक होतं आणि त्यातून खालची लादी दिसत होती. टोक अंगणाकडे होतं. सकाळी मालिनीने ठेवलं तसंच, फिरलेलं नव्हतं.

मालिनीनेही बघितलं. तिचा हात गळ्याशी गेला. मग तिने आप्पांच्या तळहातावरचा तो ठसा वाकून वाचला. एवढी वर्षं ठसे वापरून तिलाही आता उलटं वाचता येतं. एकच अक्षर, दोन मात्रा, पुढे टिंब. पण तिने तो हातात घेतला नाही.

आप्पाच बसले. त्यांनी तिच्या ताटलीतला निळा रंग घेतला, तिच्याच कुंचल्याने रबरावर पसरला. डाव्या हाताने उजवं मनगट धरलं. नव्या पत्रिकेवर आधी कापलेली ओळ उमटवली, मग तिच्या अलीकडे लहान ठसा टेकवला आणि दाबून धरला. फार वेळ दाबून धरला. जणू उचलला की काहीतरी उडून जाईल.

उचलला. 'कै. भास्कर मुळ्ये यांची कन्या.'

कुणी हललं नाही. आतमध्ये चहा उतू गेला, त्याचा वास आला, मी उठले नाही. बाहेर वारा सुटला असावा; तारेवरच्या पत्रिका एकमेकींवर सरकल्या, कोरड्या पानांचा होतो तसा आवाज झाला. मालिनीने बोट पुढे केलं, मागे घेतलं, पुन्हा पुढे केलं. ओळीवरून पहिल्या अक्षरापासून शेवटच्या टिंबापर्यंत फिरवलं आणि खिडकीच्या उजेडात धरून बघितलं. बोट स्वच्छ होतं.

"वाळलं," ती म्हणाली. मग, अगदी समजावणीच्या सुरात, जणू म्हाताऱ्यालाच धीर द्यायचा आहे, "पण आप्पा, ते सध्या इथं..."

"देवापुढे 'सध्या' चालत नाही गो बाय," आप्पा म्हणाले. "भास्कर मेला."