‘पास्ड’च्या पुढचा शब्द

मित्रांनो, मादन हिप्परग्याच्या मराठी शाळेत मागच्या खोलीत भिंतीला टेकून उभा असलेला जुना लाकडी फळा, तो मी. आळंदच्या वीरभद्रप्पा सुताराने आंब्याच्या फळ्या जोडून मला घडवले. दर सुट्टीनंतर मुले बॅटरीच्या जुन्या सेलमधला कोळसा कुटून मला काळेभोर करत. माझ्यावर अक्षर उठून दिसते, असे कुणी म्हणाले की मला बरे वाटे.

माझ्यावर सर्वांत जास्त लिहिले ते भीमराज मास्तरांनी. ते इंग्रजी शिकवत. मैसूर राज्याच्या त्या दिवसांत मुलांच्या घरी मराठी, कन्नड, दखनी सगळे चाले. इंग्रजी मात्र शाळेतच कानावर पडे. मास्तर सांगत, “क्रियापदाला बारकं शेपूट लागलं की अर्थ फिरतो. गिव्ह म्हणजे देणं. गिव्ह अप म्हणजे नाद सोडणं.” त्यांच्या वाक्यांत गावचीच माणसे असत. पिराप्पा मेंढरे ‘लुक आफ्टर’ करी आणि तानुबाई चूल ‘पुट आऊट’ करी.

एका उन्हाळ्याच्या तोंडावर मास्तरांच्या पत्नी शोभाबाईंना कावीळ झाली. त्यांना गुलबर्ग्याच्या दवाखान्यात ठेवले होते. परीक्षा जवळ आली म्हणून मास्तर आदल्या दिवशीच गावी परतले होते. शोभाबाईंजवळ त्यांचा धाकटा भाऊ बाबूलाल होता. तोच दुपारी वर्गाच्या दारात येऊन उभा राहिला.

“दाजी, आक्का गेली.”

मास्तरांनी हातातले वाक्य पूर्ण केले. मग विचारले, “कोण म्हणालं?”

“डाक्टर. इंग्रजीत बोलले. शी ह्याज पास्ड, असं कायतरी. ते ऐकलं आन् म्या बस धरली.”

“पास्डच्या पुढं काय म्हणाले?”

“ध्यानात न्हाई. कामून इचारायलाव?”

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांनी एकाखाली एक लिहिले: पास्ड अवे, पास्ड आऊट. मुलांना सांगावे तसेच ते बाबूलालला म्हणाले, “अवे म्हणजे मेली. आऊट म्हणजे शुद्ध हरपली. तू आत जाऊन बघितलंस?”

“न्हाई. पाय उचलले न्हाईत.” बाबूलालने डोळे पुसले. “तुमी घरी बसा दाजी. सोयऱ्यांना निरोप धाडतो. आक्काला आणायची सोय म्या बघतो.”

“मी जायलोय,” मास्तर म्हणाले. त्यांनी खडू खाली ठेवला, हात झटकले आणि ते निघून गेले. त्यांच्या चेहऱ्यावर काहीच नव्हते. ते दोन शब्द पुसायचे धाडस कुणालाच झाले नाही.

काही दिवसांनी बाबूलाल मास्तरांची रजा कळवायला आला. त्याने हेडमास्तरांना माझ्यासमोरच सांगितले, “डाक्टर आऊटच म्हणाले होते. दाजी पोचले तवा आक्का जागी होती. दिवस मावळेपर्यंत दोघं बोलत बसले. मग परत शुद्ध गेली, ती आली न्हाई. म्या त्यांना घरी बसवलं असतं तर...”

मास्तर परत आले. तास वेळेवर सुरू होई, अक्षर तसेच वळणदार असे. आवाज मात्र दुसऱ्या खोलीतून यावा तसा येई. एकदा त्यांनी ‘गेट ओव्हर’ लिहिले आणि अर्थ सांगितला: दुःखातून किंवा आजारातून बाहेर पडणे.

पहिल्या बाकावरची निलम्मा म्हणाली, “सर, वाक्य?”

मास्तर माझ्याकडे तोंड करून उभे राहिले. खडू मला टेकला. एक ठिपका उमटला, पण त्याच्यापुढे काही आले नाही. त्यांचा श्वास मला लागत होता. निलम्माने पुन्हा विचारले नाही. घंटा झाली तरी कुणी उठले नाही.

पुढे शाळेत सिमेंटचा फळा आला आणि मी या खोलीत आलो. माझ्यावर धूळ आहे. तिचे मला काही वाटत नाही. पण मित्रांनो, तुमच्यासमोर कुणी बोलता बोलता गप्प झाले, तर लगेच पुढचे विचारू नका. जरा वेळ तसेच बसून राहा.